पाणीपट्टीचे दप्तर

पाटबंधारे खात्यात उभे आयुष्य काढलेल्या माणसाला लोक धरणांविषयी हौसेने विचारतात; भिंत किती उंच, साठा किती दशलक्ष घनफूट, दरवाजे किती आणि ते उघडले म्हणजे पाणी कोठवर जाते, हे सारे ऐकण्यात त्यांना रस असतो; परंतु ज्या दप्तरावर त्या धरणाचे व त्याच्या कालव्यांचे पुढील आयुष्य अवलंबून असते, त्या पाणीपट्टीच्या दप्तराची चौकशी सहसा कोणी करीत नाही. माझ्या नोकरीचा बहुतेक काळ मात्र याच दप्तराच्या सहवासात गेला. आरंभी शाखाधिकारी आणि पुढे उपविभागाचा अधिकारी म्हणून नगर व नाशिक जिल्ह्यांतील कालव्यांवर मी पाणी वाटले, वाटलेल्या पाण्याची आकारणी करवून घेतली, आणि आकारलेली रक्कम वसूल व्हावी म्हणून माझ्या माणसांबरोबर वाड्यावस्त्यांवर हिंडलो. त्या हिंडण्यातून सार्वजनिक सिंचनाच्या अर्थव्यवहाराविषयी माझे जे मत बनले, ते केवळ अहवाल वाचून बनणाऱ्या मतापेक्षा काहीसे निराळे आहे.

रब्बीच्या तोंडावर जाहीर प्रकटन निघे. कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत धरणातील साठा पाहून आवर्तने किती द्यावयाची ते ठरे; मग शेतकऱ्यांनी नमुना नंबर ७ वर पाणीमागणीचा अर्ज द्यावयाचा, त्यात गट नंबर, पीक व क्षेत्र नमूद करावयाचे, मागील बाकीचा भरणा दाखवावयाचा, आणि मंजुरीचा पास हाती पडल्यावर शेजपाळीच्या, म्हणजे पाळीपाळीने पाणी देण्याच्या, यादीत आपले नाव व आपली वेळ पाहून दारे धरावयाची, असा तो रीतसर क्रम होता. पाणी फिरून गेल्यानंतर मोजणीदार शेतोशेत जाऊन भिजलेले क्षेत्र मोजी व पीक नोंदवी, कालवा निरीक्षक त्याची पडताळणी करी, दप्तर कारकून त्यावरून खतावणी तयार करी, आणि खतावणीवरून बिले निघत. त्या बिलात पाणीपट्टीवर स्थानिक उपकर चढे, आणि बिनअर्जी पाणी घेतले असल्यास पंचनामा होऊन दंडाचा दर लागे. कागदावर ही रचना निर्दोष होती असे म्हणता येईल. ज्यांनी ती बसविली त्यांनी १८७९ च्या मुंबई पाटबंधारे अधिनियमापासून पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव तीत ओतला होता, आणि जुन्या काळचे कारकून ती इतक्या निष्ठेने पाळीत की त्यांच्या खतावण्या आजही पाहणाऱ्याने आदराने हाती घ्याव्यात.

ही साखळी जेथे तुटे ती जागा मात्र त्या कागदांत कोठेच दिसत नसे. वसुलीचा पैसा चलनाने सरकारी खजिन्यात जमा होई आणि तेथे गेल्यावर तो राज्याच्या इतर महसुलात मिसळून जाई. कालव्याच्या देखभालीसाठी जे अनुदान येई ते वेगळ्या वाटेने, वेगळ्या निकषाने व वेगळ्या वेळी येई. एखाद्या वितरिकेवरील गावांनी शेवटच्या पैपर्यंत पट्टी भरली आणि तिच्या शेजारच्या वितरिकेवरील गावांनी ती वर्षानुवर्षे थकविली, तरी दुरुस्तीच्या बाबतीत दोघींच्या नशिबी सारखाच वाटा येई. किंबहुना ज्या वितरिकेवर आरडाओरडा अधिक तिकडे तो वाटा थोडा अधिकच झुके. अनुदानाचा मोठा भाग आस्थापनेवर, म्हणजे आम्हा माणसांच्या पगारावर, खर्ची पडे. उरलेल्यातून गाळ काढणे, झुडपे तोडणे, फुटलेली मोरी बांधणे, दरवाजांना तेलपाणी करणे ही कामे करावयाची, आणि त्यांचा पैसा पुष्कळदा आर्थिक वर्ष संपता संपता हाती पडे, जेव्हा उन्हाळी आवर्तन चालू असल्यामुळे कालवा कोरडा करून काम करणे अशक्य असे.

एका वितरिकेच्या शेवटाशी, ज्याला आमच्या बोलीत सारे टेल म्हणतात, एक वयोवृद्ध शेतकरी राहत. त्यांची थकबाकी नव्हती. पण एका वर्षी त्यांनी पट्टी भरण्याचे नाकारले आणि माझी माणसे रिकाम्या हाताने परतली, म्हणून मी स्वतः त्यांच्या वस्तीवर गेलो. त्यांनी मला बसविले, चहा दिला आणि शांतपणे म्हणाले, "रावसाहेब, पावती माझ्या नावाची, पास माझ्या नावाचा, पण पाणी कुणाच्या नावाचं ते तुमीच सांगा." मी त्यांना म्हणालो, "आबा, दोन पाळ्या तुमच्या नावावर लागल्या आहेत." त्यावर त्यांनी मला चारीच्या काठाने चालवीत नेले. चारीत गवत वाढलेले होते, वरच्या अंगाला कालव्याच्या भरावावरून टाकलेले डोंगळे, म्हणजे बेकायदा पाइप, दिवसाढवळ्या पाणी ओढीत होते, आणि आबांच्या बांधाशी येईतो प्रवाहाचा ओघळ झाला होता. त्या ओघळाने त्यांची दोन बिघे ज्वारी कशीबशी ओली झाली होती. मोजणीच्या नियमाने ते क्षेत्र 'भिजलेले' होते आणि आकारणी बरोबर होती. वरच्या अंगाच्या ज्या शेतांत रात्रभर पाणी सोडून दिले जाई, त्यांनाही त्याच पिकासाठी एकराला तोच दर होता.

क्षेत्रावर पट्टी आकारण्याच्या पद्धतीचा सारा दोष त्या दोन शेतांच्या तुलनेत सामावलेला आहे. पट्टी एकरावर व पिकावर असल्यामुळे एकदा पास मिळाला की जास्त पाणी घेणाऱ्याला जास्त पैसे पडत नाहीत आणि पाणी वाचविणाऱ्याला काही मिळत नाही. नीरा आणि प्रवरा यांच्या लाभक्षेत्रांत उसाच्या मळ्यांशेजारी ज्या चोपण व पाणथळ जमिनी पसरल्या, त्यांच्या मुळाशी जमिनीची जात व निचऱ्याचा अभाव ही कारणे होतीच. पण पाणी मोजून न देता पीक मोजून पैसे घेण्याची ही रीतही होती, याविषयी मला शंका नाही. शिवाय जेथे माणसाच्या डोळ्यांवर क्षेत्र आणि पीक ठरते तेथे उसाच्या जागी भुसार लिहिण्याचा मोह उत्पन्न होतो, आणि एकेका मोजणीदाराकडे इतकी गावे असतात की प्रामाणिक मोजणीदारालाही सारे शिवार पायाखाली घालता येत नाही.

या प्रश्नाला इतिहास आहे, आणि तो ध्यानात घेतल्याशिवाय आजचे वादविवाद उथळ होतात. दख्खनचे कालवे नफ्यासाठी बांधलेले नव्हतेच. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळाने सरकारला हादरविले आणि नीरा डाव्या कालव्यासारखी कामे दुष्काळनिवारणाच्या हेतूने उभी राहिली. १९०१ ते १९०३ च्या सिंचन आयोगाच्या काळातही पंजाबातील उत्पन्न देणारे कालवे आणि दख्खनचे संरक्षक कालवे हा भेद सरकारदरबारी स्पष्टपणे मानला जात होता. चांगल्या पावसाच्या वर्षी आमचा शेतकरी कालव्याकडे पाठ फिरवी आणि अवर्षणाच्या वर्षी सारेच एकदम अर्ज घेऊन धावत. त्यामुळे एका वर्षी पाणी नदीला जाई आणि दुसऱ्या वर्षी कोणालाच पुरत नसे, आणि दोन्ही वर्षी हिशेब तोट्याचा निघे. विसाव्या शतकाच्या आरंभी पुणे भागात अभियंता असलेल्या विश्वेश्वरय्यांनी ब्लॉक पद्धत काढली ती या अडचणीवर. चांगल्या जमिनीचा एक ठरावीक तुकडा घ्यावयाचा, त्याच्या सुमारे तिसऱ्या हिश्शात ऊस आणि उरलेल्यात हंगामी पिके घेण्यास परवानगी द्यावयाची, आणि हा करार वर्षानुवर्षांच्या मुदतीने बांधावयाचा, म्हणजे शेतकऱ्याला पाण्याची हमी मिळते, सरकारला उत्पन्नाची हमी मिळते, आणि पाणी मूठभर गावांत न साचता अनेक गावांत विभागले जाते, असा तो विचार होता. माझ्या मते आपल्याकडील पाण्याच्या किमतीविषयीच्या विचारांत इतका मूलगामी विचार क्वचितच झाला. कारण त्यात दराआधी हमीचा विचार होता. १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाल्यावर प्रवरेच्या कालव्यांवर जी उसाची शेती बहरली, तिला हीच हमी उपयोगी पडली.

आणखी एका कामाचा मला येथे कृतज्ञतेने उल्लेख केला पाहिजे. धनंजयराव गाडगीळ यांनी गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या आर्थिक परिणामांची पाहणी केली आणि ती १९४८ साली प्रसिद्ध झाली. कालव्याचा फायदा केवळ पाणीपट्टीच्या जमेवर मोजू नये, मजुरी, व्यापार, वाहतूक, सरकारचा इतर महसूल अशा अनेक वाटांनी तो समाजात पसरतो, ही दृष्टी त्या पाहणीने दिली. ती दृष्टी बरोबरच आहे. परंतु तिचा पुढे जो सोयीचा अर्थ लावला गेला, की समाजाला फायदा होतो तर पट्टी वसूल झाली काय आणि न झाली काय सारखेच, तो त्या पाहणीत शोधूनही सापडणार नाही. अप्रत्यक्ष फायद्याने राज्याची तिजोरी भरत असेलही. त्याने वितरिकेची फुटलेली मोरी आपोआप बांधली जात नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात समित्या पुष्कळ झाल्या. १९७२ च्या सिंचन आयोगाने अन्नधान्याच्या ढोबळ उत्पन्नाच्या ५ टक्के आणि नगदी पिकांच्या १२ टक्के इतकी पट्टी असावी असे सुचविले. १९९२ साली वैद्यनाथन समितीने परिचालन व देखभाल यांचा संपूर्ण खर्च आणि भांडवलाचा अल्प अंश पट्टीतून निघावा, पाणी घनमापाने द्यावे आणि ते शेतकऱ्यांच्या संघटनांकडे सोपवावे असे सांगितले. शिफारशी शहाणपणाच्या होत्या. दर मात्र निवडणुकांच्या आसपास गोठत राहिले आणि महागाई पुढे धावत राहिली.

केवळ दर वाढविले की व्यवस्था सुधारेल असे मानणाऱ्यांशी माझा मतभेद आहे, तसाच शेतकरी गरीब आहे म्हणून पट्टीचे नावच काढू नये असे म्हणणाऱ्यांशीही आहे. दुसऱ्या मताविषयी आधी बोलतो. आपल्या राज्यातील शेतजमिनीच्या फार मोठ्या भागाला कालव्याचे पाणी मिळत नाही, आणि त्यातील बहुतेक जमिनीला ते कधी मिळणारही नाही. माण-खटावचा किंवा आष्टी-पाटोद्याचा कोरडवाहू शेतकरी कापड, डिझेल यांवर जो कर भरतो त्यातूनच कालव्याची तूट भरली जाते. म्हणजे ज्याला थेंब मिळत नाही तो ज्याला पाट मिळतो त्याचा भार वाहतो. गरिबीच्या नावाने ही रचना समर्थनीय ठरत नाही. पण आता पहिल्या मताकडे येतो. टेलच्या आबांना मी कोणत्या तोंडाने दुप्पट दर सांगू शकलो असतो? शेतकरी विहिरीच्या पाण्यासाठी मोटार, वीज, पाइप आणि खोदाई यांवर जो खर्च करतो तो कालव्याच्या पट्टीच्या कितीतरी पट असतो, आणि तो खर्च तो कर्ज काढून करतो, कारण विहिरीचे पाणी त्याला हवे तेव्हा त्याच्या हाताखाली असते. पैसा देण्याची त्याची तयारी नाही हे म्हणणे अनुभवाला धरून नाही; बेभरवशाच्या वस्तूचा पैसा देण्याची तयारी नाही, इतकेच खरे. साखर कारखान्याने उसाच्या बिलातून पट्टी कापून घेतली म्हणजे वसुलीचा आकडा सुधारे, पण त्यामुळे चारीत पाणी वाढत नसे, आणि शेतकऱ्याच्या मनात पट्टी व पाणी यांचा संबंध आणखीच पुसट होई.

हा संबंध जेथे जिवंत राहिला अशा जागाही मी पाहिल्या. धुळे व नाशिक भागातील पांझरा, मोसम, आराम या नद्यांवरील फडपद्धतीत पाटकरी, जागल्या, हवालदार हे सारे सिंचकांनी नेमलेले असत, त्यांचा मेहनताना सिंचक धान्याने देत, आणि हंगामापूर्वी पाट साफ करण्याला घरटी माणूस येई. तेथे पाण्याचा मोबदला व पाण्याची सेवा यांच्यामध्ये कोणताही खजिना उभा नव्हता. पाटकऱ्याने कसूर केली तर त्याला दुसऱ्या दिवशी जाब विचारता येई.

दुसरी जागा दिंडोरी तालुक्यातील वाघाड. या धरणाच्या कालव्याच्या शेवटाशी असलेल्या ओझरच्या शेतकऱ्यांना पाणी जवळजवळ मिळतच नव्हते. समाज परिवर्तन केंद्राचे बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी तेथे लोकांना संघटित केले आणि १९९१ च्या सुमारास महात्मा फुले, जय योगेश्वर व बाणगंगा या नावांच्या तीन पाणी वापर संस्था उभ्या राहिल्या. मी तेथे गेलो तेव्हा प्रथम माझे लक्ष वेधून घेतले ते संस्थेच्या कार्यालयातील फळ्याने. त्यावर त्या आवर्तनात संस्थेला मोजून मिळालेले पाणी, सभासदांना तासांच्या हिशेबाने दिलेले पाणी, आणि जमा झालेली रक्कम लिहिलेली होती, आणि शेतकरी ते वाचून एकमेकांशी वाद घालीत होते. वितरिकेच्या तोंडाशी प्रवाहमापक बसविलेला होता. त्याच्या गेजची नोंद खात्याचा माणूस आणि संस्थेचा माणूस मिळून घेत. संस्थेला ठरावीक कोटा असल्यामुळे तो कशासाठी वापरावा हे ठरविण्याचे स्वातंत्र्य सभासदांना होते. पीक कोणते हे सरकारला विचारावे लागत नव्हते. ओढ्यांवरील बंधाऱ्यांत कालव्याचे पाणी सोडून त्यांनी विहिरींची पातळी वाढविली आणि विहिरीच्या पाण्याचाही विचार एकत्र केला. त्या भागात पुढे द्राक्षबागा वाढल्या, संस्थांची संख्या वाढत जाऊन संपूर्ण प्रकल्पाची एक संघटना झाली, आणि प्रकल्पाचे व्यवस्थापन तिने अंगावर घेतले. पट्टी वेळेवर भरली जाई. खात्यातील आम्ही कित्येक जण हे पाहून थक्क झालो, कारण शेजारच्याच तालुक्यांत तेच खाते, तोच कायदा आणि तोच शेतकरी असून थकबाकी डोंगराएवढी होती.

२००५ साली दोन कायदे झाले. सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याच्या कायद्याने पाणी वापर संस्थांना अधिष्ठान दिले. संचालकांमध्ये वरचे, मधले व टेलचे शेतकरी यांना प्रतिनिधित्व देण्याची त्यातील तरतूद मला विशेष मोलाची वाटते. जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्याने सिंचन व्यवस्थापन, प्रशासन, परिचालन व देखभाल यांचा खर्च पट्टीतून निघाला पाहिजे हे तत्त्व स्वीकारले, आणि घाऊक पाण्याचा दर ठरविण्याचे काम या प्राधिकरणाकडे सोपविले. कायदे चांगले आहेत. पण घनमापाने विकावयाचे पाणी मोजणारी साधने पुष्कळ ठिकाणी मोडून पडलेली आहेत, कित्येक संस्था नोंदल्या गेल्या आणि कागदावरच राहिल्या, कालवा निरीक्षक, मोजणीदार व चौकीदार यांच्या जागा सेवानिवृत्तीनंतर वर्षानुवर्षे भरल्या गेल्या नाहीत, आणि ज्या कालव्यांचे हस्तांतरण करावयाचे ते दुरुस्त न करताच संस्थांच्या गळ्यात घातले गेले. मोडका कालवा स्वीकारणाऱ्या संस्थेने पहिल्याच हंगामात सभासदांना पाणी न पोहोचविले तर दुसऱ्या हंगामात तिला पट्टी कोण देणार?

शहरे आणि कारखाने यांचा दर शेतीच्या दराहून पुष्कळ चढा असल्यामुळे खात्याच्या जमेचा मोठा भाग तिकडून येतो आणि त्या जमेच्या आधारे एकंदर हिशेब बरा दिसतो. मला त्यात धोका दिसतो. शेतीच्या पट्टीवाचून ज्या खात्याचे भागते, त्याला शेतकऱ्याच्या चारीची फिकीर करण्याचे कारण उरत नाही; आणि धरणातील साठा अपुरा पडला की ज्याच्याकडून पैसा येतो त्याचे आरक्षण टिकते व ज्याच्याकडून येत नाही त्याचे आवर्तन कमी होते. म्हणून पट्टी भरणे हे शेतकऱ्याच्या हिताचेच आहे, हे मी लाभक्षेत्रातील सभांत नेहमी सांगत आलो.

माझे म्हणणे असे आहे की प्रत्येक कालव्याचा जमाखर्च स्वतंत्र असावा आणि तो लाभधारकांपुढे दरवर्षी वाचला जावा. वसुलीचा ठरलेला हिस्सा त्याच वितरिकेच्या देखभालीसाठी, पावसाळा संपताच आणि रब्बीचे पाणी सुटण्यापूर्वी, हाती यावा. वितरिकेच्या तोंडाशी पाणी मोजले जावे आणि ते मोजणे दोघांच्या देखत व्हावे. पाणी टेलकडून वर देत यावे. इतके झाल्यावर दर खर्चाच्या पातळीला आणावा, आणि मग तो थकविणाऱ्याची गय करू नये, मग तो कितीही वजनदार असो. हा क्रम उलटा करून चालणार नाही. मोजमाप व दुरुस्ती यांच्या आधी येणारी दरवाढ टेलच्या प्रामाणिक माणसाला शिक्षा करते आणि वरच्या अंगाच्या डोंगळ्यांना हातही लावीत नाही.

लाभक्षेत्रातील वाचकांना माझी एक विनंती आहे. हंगामापूर्वी कालवा सल्लागार समितीची बैठक होते आणि पाणी वापर संस्थांच्या वार्षिक सभाही होतात. त्या बैठकांना जा. आवर्तने किती मिळणार एवढेच विचारून परत येऊ नका, आपल्या वितरिकेतून गेल्या वर्षी किती पाणी मोजून सुटले, किती पट्टी जमा झाली आणि त्यातून आपल्या चारीवर काय खर्च झाला, हे लेखी मागा.